कॅनडात गोल्फ कोर्स चार-चार महिने बर्फाखाली असतो, मग गवत मरत नाही का? आणि तिथली माणसं हिवाळ्यात करतात तरी काय?

मी दक्षिण ओंटारियोतल्या एका गोल्फ कोर्सवर ग्राउंड्स क्रूमध्ये, म्हणजे मैदानाची निगा राखणाऱ्या टोळीत, आहे. मूळचा तासगावचा, घरची द्राक्षबाग. इथे आलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

मराठीत आपण स्नो आणि आइस दोन्हींना बर्फच म्हणतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. आकाशातून पडणारा भुसभुशीत बर्फ गवताला गोधडीसारखा. वर हवा उणे वीस असली तरी फूटभर बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास राहते आणि गवत निवांत झोपलेलं असतं. गवताचा जीव घेतो तो काचेसारखा घट्ट बर्फ. त्यातून हवा आरपार जात नाही. झोपेतही गवत थोडा थोडा श्वास घेतच असतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि दुसरे वायू खालीच कोंडतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतात, इथे प्रामुख्याने दोन जाती असतात. क्रीपिंग बेंटग्रास घट्ट बर्फाखाली तीन महिने तग धरतं. पोआ ॲन्युआ दीड-दोन महिन्यांत मान टाकतं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. २०१३ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, टोरांटो परिसरात गोठणारा पाऊस पडला, म्हणजे टेकेल तिथे बर्फ होणारा. वीज जाऊन लाखो लोक अंधारात होते. आमच्या ग्रीनवर बर्फाचा पत्रा चढला आणि पुढे थंडी हटेचना. फेब्रुवारीत एका ग्रीनवरचा बर्फ फोडला तेव्हा खालून आंबूस, कुजका वास आला. तो वास मी विसरणार नाही. त्या वसंतात या भागातल्या बऱ्याच कोर्सवर पोआ ॲन्युआची ग्रीन गेली. आमचीही काही गेली. बेंटग्रासचं बी टाकून, वर कापडं अंथरून, तात्पुरत्या ग्रीनवर खेळ चालवत आम्ही जून गाठला.

म्हणून खरी हिवाळी निगा ऑक्टोबरातच सुरू होते. मशीनचं पातं वर घेऊन ग्रीन जरा उंच ठेवतात, म्हणजे पानं जास्त राहतात आणि मुळाशी अन्न साठतं. मग पाणी. पाइपात पाणी राहिलं तर गोठून पाइप फुटतो, म्हणून भाड्याने मोठा कंप्रेसर आणून एकेक स्प्रिंकलर हवेने रिकामा करायचा. आधी पाण्याची धार उडते, मग तुषार, मग नुसती कोरडी फुसफुस. ती ऐकू आली की पुढच्या स्प्रिंकलरकडे. शेकडो असतात, दोन-तीन दिवस जातात.

नोव्हेंबरात, बर्फ टिकायच्या आत, बुरशीनाशक फवारतात. बर्फाखाली दोन बुरशी वाढतात, मायक्रोडोकियम आणि टायफुला. बर्फ वितळल्यावर दिसल्या तर उपयोग काय? तोवर नुकसान झालेलं असतं. आपल्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, दिसायची वाट कोण बघत बसतं? ओंटारियोत २००९ पासून शोभेच्या हिरवळीवर बहुतेक कीटकनाशकं-बुरशीनाशकं मारायला बंदी आहे. गोल्फ कोर्सला सूट आहे, पण वापराचा हिशेब लोकांसमोर मांडावा लागतो. हे योग्यच आहे असं मला वाटतं. शेवटी ग्रीनवर वाळूचा जाड थर देतात. गवताची शेंडी तेवढी वर दिसावी, इतका.

मग क्रूमधले बहुतेक जण सुट्टीवर, एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सवर, म्हणजे सरकारी बेकारी भत्त्यावर. आम्ही तीन-चारजण राहतो. मशीनची पाती धार लावून बसवणं, बाकं रंगवणं, झाडं तोडणं. जमीन गोठलेली असल्याने ट्रॅक्टर रुतत नाही, झाडांच्या कामाला हाच काळ चांगला.

पण फेब्रुवारीपासून माझं अर्धं लक्ष ग्रीनवर असतं. छिन्नी-हातोडीने प्रत्येक ग्रीनमधून मातीसकट गवताचा वाटीएवढा तुकडा काढतो, कारण जमीन दगडासारखी असते. वर्कशॉपच्या खिडकीत उन्हाला मांडतो, नंबर लिहून, पाणी देतो. आठ-दहा दिवसांत काडीसारख्या पिवळ्या गवतातून हिरवं टोक वर आलं की तो ग्रीन वाचला. नाही आलं तर एप्रिलची वाट न बघता बी मागवायचं.

सगळ्यात अवघड महिना मार्च. दुपारी बर्फ वितळतो, गवताच्या खोडात पाणी शिरतं, त्याची थंडी सोसायची ताकद कमी होते. त्या रात्री पारा झपकन उणे दहाच्या खाली गेला तर ते पाणी आतल्या आत गोठून पेशी फोडतं. डिसेंबर-जानेवारी सोसलेलं गवत अशा एका रात्रीत जातं. यावर औषध नाही, फक्त पाण्याला वाट करून देणं. म्हणून बर्फ वितळू लागला की आम्ही फावडं घेऊन ग्रीनच्या सखल कडेला बर्फातून चर काढतो. दुपारी त्या चरातून पाणी वाहू लागलं की अंधार पडायच्या आत ग्रीन कोरडा झालाय का ते बघूनच घरी जायचं.