न पाहिलेल्या कामावर सही नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

विमान देखभालीच्या इंजिनिअरिंगचं शिकताना लिहिलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. अहमदाबादच्या विमान अपघातापासून आई धास्तावली आहे, 'उद्या काही झालं तर पहिलं बोट इंजिनिअरकडे' म्हणते. बाबांना शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांचा घोर. मामा म्हणतात, एअरलाइनचं काय खरं, आज आहे उद्या नाही. तिघांचंही चूक नाही. १२ जून २०२५ ला त्या विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. ते पाहून कुठल्या आईच्या पोटात गोळा येणार नाही?

पण मला झोप लागली नाही ती लायसन्ससाठीच्या कामांच्या नोंदवहीबद्दल, लॉगबुकाबद्दल, तू शेवटच्या पानावर लिहिलेल्या ओळीमुळे. 'सीनियर म्हणतात, लॉगबुकात न केलेली कामंही भरून टाक, सगळेच भरतात.' एवढं लिहून तू पुढे नोकरीच्या बाजाराकडे वळलीस. अगं, खरा प्रश्न तर तोच होता!

नाही भरायची. जे स्वतः केलं नाही, पाहिलं नाही, त्यावर सही नाही.

१९९० च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. सुमारे १७,००० फुटांवर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं, कॅप्टन वाचला. काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून शिफ्ट मॅनेजर स्वतः कामाला लागला. जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखा दिसणारा नवा उचलला, पार्ट्स कॅटलॉग पाहिला नाही. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले. फरक पाऊण मिलिमीटरचाही नव्हता. तो माणूस कामचुकार नव्हता, अनुभवी होता. म्हणूनच सांगतो, 'मला सवय आहे' हे कारण चालत नाही. जपान एअरलाइन्सच्या १९८५ च्या अपघातात ५२० माणसं गेली, तीही सात वर्षांपूर्वीच्या एका सदोष दुरुस्तीपायी. 

आता तुझ्या बाजाराकडे येतो. कंपन्या बुडतात. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा इंजिनिअरांचे पगार आधीच थकलेले होते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली. मामांना सांग, खरंय तुमचं. पण लायसन्स कंपनीचं नसतं, तुझ्या नावाचं असतं. कंपनी गेली तरी ते घेऊन दुसऱ्या दारात उभं राहता येतं. लॉगबुक खोटं असेल तर तिथे दाखवशील काय? पहिल्याच हँगरमध्ये बोरोस्कोप, म्हणजे इंजिनाच्या आत पाहायची दुर्बीण, हातात दिला की कळतं, कोणी काम केलंय आणि कोणी रकाने भरलेत.

मला हट्टी म्हणायचे. एका रात्री हायड्रॉलिक लाइनचं काम आधीच्या शिफ्टने केलेलं, पॅनेल बंद, फक्त माझी सही बाकी. पहाटेचं उड्डाण. मी पॅनेल पुन्हा उघडायला लावलं. आत सगळं व्यवस्थित होतं. विमान उशिरा सुटलं, मला वरून बोलणी बसली आणि त्या वर्षीचं प्रमोशन माझ्या हाताखालच्या मुलाला मिळालं. तुझ्या काकूने बरीच वर्षं ते मनात ठेवलं. घरात त्या पैशांची गरज होती, याची मला आजही हळहळ वाटते. पण आत काही निघालं नाही म्हणून मी चुकलो, हे मी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. मी पाहिलं नव्हतं. सही कशी करणार होतो?

तू हुशार आहेस, हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. 'सगळेच भरतात' हे मात्र मला परत लिहू नकोस.

सोमवारी गेलीस की सीनियरना सरळ सांग, जे काम लिहायचंय ते मला हाताने करू द्या. नोंद त्याच दिवशी कर. तारीख, विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर, टास्क कार्ड (त्या कामाच्या सूचनांचा कागद), आणि ज्यांच्यासमोर केलं त्यांची सही. पानं कमी भरली तर लायसन्स उशिरा मिळेल, मिळू दे. रात्रपाळी टाळू नकोस, खरं काम तिथेच शिकायला मिळतं.

बाबांना रविवारी संध्याकाळी मला फोन करायला सांग. बँकेकडून हप्त्यांना थोडी मुदत मिळते का, ते आम्ही दोघं जाऊन विचारतो.

तुझा,
काका