‘मित्रांमुळे पितो’ म्हणजे नक्की कशामुळे?

प्रश्न : मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. हुरडा पार्टीला गेलेली आमची अकरावीची चार पोरं दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेली, मग कळलं शेतात बिअर झाली. ओरडण्यापेक्षा समजून घेऊ म्हणून वर्गात चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहू नका, दारू का प्यावीशी वाटते तेवढं लिहा. जवळपास सगळ्यांनी एकच लिहिलं, ‘मित्रांमुळे’. आता याचं काय करू?
– एक शिक्षिका, विजापूर रोड

उत्तर : मॅडम, चिठ्ठीवर नाव नसलं तरी अक्षर तुम्ही ओळखताच की, आणि पोरांनाही ते माहितीय! त्यात महाराष्ट्रात बिअरला 21 आणि व्हिस्की-रमला 25 वय लागतं, म्हणजे कबूल केलं तर डबल भीती. मग सगळ्यात सेफ उत्तर येणार.

पण खरी गोची त्या शब्दातच आहे. एकाला चारजण जमले की घ्यायला मजा येते आणि दुसरा घेतो कारण नाही घेतली तर ‘काय बे, आईला विचारून आलास का’ म्हणून महिनाभर चिडवतील, दोघंही लिहिणार ‘मित्रांमुळे’. लिन कूपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1994 मध्ये टीनएजर मुलांसाठी जी प्रश्नावली पक्की केली त्यात हे दोघं वेगळे पडतात. त्याआधी 1988 ला कॉक्स आणि क्लिंगर यांनी मांडलं होतं की पिणारा एकतर काहीतरी मिळवायला पितो नाहीतर काहीतरी टाळायला, आणि ते एकतर स्वतःच्या आतलं असतं नाहीतर लोकांमधलं. त्यातून चार कारणं निघतात : दोस्तांसोबतची मजा, स्वतःला येणारी किक, टेन्शन विसरणं आणि ग्रुपबाहेर पडायची भीती. प्रत्येकाचे 5 असे 20 प्रश्न. ‘का पितोस’ असं विचारतच नाहीत, जेव्हा जेव्हा घेतलीस त्यातल्या किती वेळा या कारणासाठी, असं विचारतात आणि 1 ते 5 मधल्या आकड्यावर खूण करायची, 1 म्हणजे जवळपास कधीच नाही, 5 म्हणजे जवळपास नेहमीच. खूणच करायची म्हटल्यावर अक्षराचा प्रश्न मिटला. 2009 पासून 12 प्रश्नांची छोटी आवृत्तीपण आहे.

फक्त सगळ्या मार्कांची एकच बेरीज करू नका, त्यातून काही कळत नाही, चारही कारणांची सरासरी वेगवेगळी काढा. आणि ज्यांनी कधी घेतलीच नाही त्यांना हे लागू नाही, त्यांना एखादा दुसरा कागद द्या म्हणजे कोण लिहितंय कोण नाही हे शेजारच्याला दिसणार नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, तेव्हा मराठी वाक्यं आधी दोन-चार पोरांना वाचायला देऊन बघा, प्रिन्सिपल आणि पालकांची परवानगीपण घ्या.

दोस्तांसोबत मजेत घेणारा सहसा बेताने घेतो, किकसाठी घेणारा जास्त ढोसतो, पण मी सगळ्यात आधी टेन्शनवाला आकडा बघेन, कारण थोडी पिऊनही लफड्यात अडकणारी पोरं बहुतेक तिथेच सापडतात. मात्र कागदावर नाव नसल्यामुळे तो नेमका कोण हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून समुपदेशकांना कुठे आणि किती वाजता भेटायचं ते आधी फळ्यावर लिहा, मग कागद वाटा.