दोन गावांतल्या शिक्षकांनी तंत्रज्ञान वापरून एकत्र वर्गप्रकल्प कसा आखावा?

तुमची शाळा आणि मैत्रिणीची शाळा वेगवेगळ्या जिल्ह्यांत, दोघींकडे आठवी, आणि ‘कोणतं ॲप घ्यावं’ हा तुमचा प्रश्न. ॲप शेवटी ठरवा. आधी असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर एका वर्गाला एकट्याने काढताच येणार नाही. नाहीतर दोन्हीकडची मुलं आपापले तक्ते एकमेकांना दाखवतात, टाळ्या वाजतात आणि प्रकल्प झाला असं आपण म्हणतो.

मी सिंधुदुर्गात विज्ञान शिकवतो. नाशिकच्या एका शिक्षकमित्राबरोबर आम्ही प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचा प्रयोग केला, म्हणजे सावलीवरून पृथ्वीचा परीघ. सावंतवाडी आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, अक्षांशांत साधारण ४.१ अंशांचा फरक आणि नकाशावर सरळ अंतर सुमारे ४५५ किमी. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात भर मध्यान्ही मीटरभर काठीची सावली नाशकात सुमारे ८५ सेंमी पडते, आमच्याकडे ७४. एकाच शाळेच्या आकड्यावरून काहीच निघत नाही. काठीच्या टोकापाशी काठी आणि सूर्यकिरण यांत होणारा कोन दोन्हीकडे काढायचा, दोन्ही कोनांची वजाबाकी केली की मग ३६० भागिले तो फरक, गुणिले अंतर.

आठवीला त्रिकोणमिती नसते, म्हणून १ मीटरला १० सेंमी असं प्रमाण धरून त्रिकोण काढायचा आणि कोनमापकाने कोन मोजायचा. काठी ओळंब्याने उभी करायची. तो गवंड्याकडे मिळतो. इथे हयगय नको, कारण कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर परीघ चार-पाच हजार किमीने हलतो.

खरी आखणी वेळापत्रकाची. दोन्हीकडे मध्यान्ह जानेवारीत पावणेएकच्या सुमारास होते. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे तो वार बाद. डिसेंबरात सहली आणि स्नेहसंमेलन. सप्टेंबरात कोकणात ऊन मिळेल याचा भरवसा नाही. दोन्ही शाळांची वेळापत्रकं शेजारी ठेवून सामाईक तासिका शोधा, एक जादा दिवस राखून ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घाला. सूचना ‘इतक्या वाजता मोजा’ अशी देऊ नका. साडेबारापासून दर पाच मिनिटांनी मोजा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. पुढे नागपूरची शाळा जोडलीत तर तिथली मध्यान्ह नाशिकच्या वीसेक मिनिटं आधीची असते, तेव्हा तिथे मोजायला बारापासूनच सुरुवात करा, बाकी सूचना हीच चालते.

आता तंत्रज्ञान. एक सामाईक गूगल शीट पुरे. रकाने असे: तारीख, वेळ, काठीची उंची, सावली, मोजणाऱ्या गटाचं नाव. सगळं सेंटिमीटरमध्ये, हे शीर्षकातच लिहा. एका शाळेचे रकाने दुसरीला बदलता येणार नाहीत असे कुलूपबंद करा. मोजमाप आधी वहीत आणि रेंज आली की शीटमध्ये. व्हॉट्सॲप गट फक्त तुमच्या दोघींचा असू द्या, मुलांचे नंबर त्यात नकोत. फोटो काठीचे काढा. मुलांचे चेहरे पाठवायचे असतील तर पालकांची परवानगी घ्या.

व्हिडिओ कॉलने सुरुवात करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तुमचं नाव काय, आमचं नाव काय’ यात तासिका जाते आणि तेवढ्यात आवाज तुटतो. आकडे जुळले नाहीत की कॉल लावा. आमच्या मुलांनी तिकडे पहिला प्रश्न विचारला, “तुमची काठी वाकडी होती का?” आणि तिकडून लगेच, “तुम्ही सावली टोकापासून मोजली की बुंध्यापासून?” त्यानंतर आम्हा दोघा शिक्षकांना अर्धा तास बोलायची गरज पडली नाही.