मुलाच्या टीडीसीएससाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. साताऱ्यात राहते. पती हयात नाहीत. मुलगा २८ वर्षांचा, अविवाहित. सात वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, तरी कानात आवाज येतातच. एका खासगी क्लिनिकने टीडीसीएसची, म्हणजे डोक्याला सौम्य वीजप्रवाह देण्याच्या उपचाराची, ४० सिटिंग सुचवली आहेत. त्याचे १,२०,००० रुपये आगाऊ भरायचे आणि घरी वापरायचं मशीन ८५,००० ला घ्यायचं. मला पेन्शन ३८,००० मिळते, एफडी ६ लाखांची आहे. एफडी मोडू का? विम्यातून किंवा करसवलतीतून काही परत मिळेल का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि मशीन तर घेऊच नका. उपचार करून बघायचाच असेल, तर फक्त दहा सिटिंगचे पैसे भरा, आणि तेही खाली लिहिलेल्या एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडून मिळाल्यावर.

आधी हा उपचार काय आहे ते पाहू. टीडीसीएस म्हणजे शॉक ट्रीटमेंट नव्हे. गुंगी देत नाहीत, झटका येत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बसवून २ मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह २० मिनिटं सोडतात. आवाजांसाठी धन इलेक्ट्रोड डाव्या कपाळाच्या वरच्या भागात आणि ऋण इलेक्ट्रोड डाव्या कानाच्या वर, थोडा मागे ठेवतात. खाज, मुंग्या, कातडी लालसर होणं एवढाच त्रास बहुतेकांना होतो.

गुण किती येतो, यावर तुमच्या पैशांचा निर्णय अवलंबून आहे. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या गटाने ३० रुग्णांवर प्रयोग केला. रोज दोन सिटिंग, पाच दिवस. आवाजांची तीव्रता सरासरी ३१ टक्क्यांनी घटली आणि परिणाम तीन महिने टिकला. बंगळुरूच्या निमहान्स या मानसोपचार संस्थेतल्या २५ रुग्णांच्या चाचणीतही फायदा दिसला. पण २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या ५४ रुग्णांच्या चाचणीत खरा प्रवाह दिलेल्यांना आणि नुसतं यंत्र लावून प्रवाह न दिलेल्यांना सारखंच बरं वाटलं. ब्राझीलमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत निरुत्साह, अबोलपणा अशा लक्षणांत सुधारणा दिसली, पण त्या चाचणीचं लक्ष्य आवाज नव्हते. म्हणजे उपचार थोतांड नाही, पण खात्रीचाही नाही. अशा गोष्टीवर थोडे पैसे लावून बघता येतात, म्हातारपणाची पुंजी लावता येत नाही.

आता हिशेब करू. १,२०,००० भागिले ४०, म्हणजे सिटिंगला ३,०००. वर सांगितलेल्या आवाजांच्या चाचण्या जेमतेम दहा सिटिंगच्या होत्या, म्हणजे ३०,००० रुपयांत संपणाऱ्या. दहामध्ये काहीच हललं नाही, तर पुढच्या तीसचे ९०,००० कशाच्या भरवशावर द्यायचे, हे क्लिनिकने सांगायला हवं.

तो एक प्रश्न असा: क्लोझापिन हे औषध देऊन झालं आहे का? दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे नियमित घेऊनही आवाज थांबत नसतील, तर मानसोपचारात पुढची पायरी साधारणपणे हीच असते, आणि तिचा पुरावा टीडीसीएसपेक्षा कितीतरी भक्कम आहे. क्लोझापिनने पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून एका रूढ वेळापत्रकानुसार पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि मग वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला रक्त तपासतात. म्हणजे पहिल्या वर्षात सुमारे ३५ तपासण्या. एका तपासणीला ३०० रुपये धरले तर १०,५०० होतात, दहा सिटिंगच्या साधारण एक तृतीयांश. क्लोझापिन नको असेल तर का नको, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या. मुलगा सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा. धुरामुळे क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण घटतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांना टीडीसीएसचा गुण कमी येतो असंही एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे.

हे झाल्यावरही टीडीसीएस करायचं ठरलं, तर पहिल्या सिटिंगच्या आधी आवाजांचं मोजमाप ठरलेल्या प्रश्नावलीने करून घ्या: दिवसातून किती वेळा, किती वेळ, किती त्रासदायक. दहाव्या सिटिंगनंतर तेच पुन्हा मोजायचं आणि एका महिन्याने आणखी एकदा. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर पुढचे पैसे भरू नका. पावतीवर प्रत्येक सिटिंगचा दर आणि ‘न झालेल्या सिटिंगची रक्कम परत’ अशी ओळ लिहून घ्या. ती लिहून द्यायला जे क्लिनिक तयार नाही, तिथे आगाऊ रक्कम देऊ नका. डोक्यात धातूचा तुकडा असेल किंवा कधी फिट आली असेल, तर ते आधीच सांगा.

मशीनला इतका ठाम नकार कशासाठी? स्पंज सुकला किंवा कातडीवर नीट टेकला नाही, तर प्रवाह एका जागी एकवटतो आणि भाजतं. इलेक्ट्रोड थोडा सरकला तरी प्रवाहाची वाट बदलते. आणि ज्याला ‘माझ्या डोक्यात कोणी करंट सोडतंय’ असं वाटू शकतं, त्याच्या डोक्याला आईने घरी तारा लावणं घातक आहे. त्यातून गोळ्यांवरचाही विश्वास उडू शकतो. तो सज्ञान आहे, उपचारासाठी त्याची स्वतःची संमती हवी.

फुकटातला पर्यायही बघा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टीडीसीएस आणि स्किझोफ्रेनिया असं शोधा, भरती चालू असलेल्या चाचण्या दिसतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाच्या भागाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो. मात्र निम्म्यांना खोटा प्रवाह मिळू शकतो, हे समजून जा.

विम्याचं थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने संरक्षण द्यायचं असतं. पण टीडीसीएस ओपीडीत होतं, आणि बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च शारीरिक आजारालाही देत नाहीत. ‘एक रात्र ॲडमिट दाखवू’ असं कोणी सुचवलं तर नकार द्या. गरज नसताना दाखल केल्याचं दिसलं की दावा फेटाळला जातो, आणि पुढे खरंच दाखल करावं लागलं तेव्हा तुमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. करसवलतीचा मुद्दा तर तुमच्या बाबतीत उद्भवतच नाही. ८०डीडी या कलमाने ओळखली जाणारी, अपंग आश्रितासाठीची ७५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, पण वर्षाला ४,५६,००० पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढ्यावर तुम्हाला जुन्या-नव्या दोन्ही करप्रणालींत कर लागत नाही.

म्हणून ३०,००० ची सोय पेन्शनमधून करा: दरमहा ६,००० बाजूला टाकले तर पाच महिन्यांत जमतात, आणि क्लोझापिनचा निर्णय व्हायला तेवढा वेळ लागणारच. सिटिंग आणि मशीनचे मिळून २,०५,००० रुपये ७ टक्क्यांनी वीस वर्षं चक्रवाढीने राहिले तर ७,९३,००० च्या आसपास होतात. तेव्हा तुम्ही ८१ च्या असाल आणि मुलगा ४८ चा.

याच महिन्यात करायचं खरं काम मात्र वेगळं आहे, आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. मानसिक आजाराचं मूल्यमापन ‘आयडियाज’ या मोजपट्टीने जिल्हा रुग्णालयात होतं. मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन ठरावीक वयोमर्यादेनंतरही मिळण्याची तरतूद राज्याच्या पेन्शन नियमांत आहे. ते तुमच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि वर महागाई भत्ता असं असतं. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं आणि मुलाचं नाव तुमच्या पेन्शनच्या कागदांत असावं लागतं. तुमच्या हयातीतच अर्ज द्या, त्यात पालक म्हणून कोण पैसे घेईल ते लिहा आणि पोच घेतलेली प्रत एफडीच्या पावतीसोबत ठेवा.