'पोलिटिकली करेक्ट' म्हणजे अमेरिकेत नेमके काय?

पुण्यातल्या वाहन उद्योगातून तुमची बदली मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळच्या कार्यालयात होत आहे आणि तुम्ही विचारले आहे की, तिकडे सगळे 'पोलिटिकली करेक्ट' बोलावे लागते म्हणतात, तर नेमके काय टाळायचे आणि हे थोतांड आहे की खरोखर पाळायचे असते. मी याच भागात बरीच वर्षे नोकरी करत असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक व्यवहाराची सूचना. हा शब्दप्रयोग तुम्ही स्वतः शक्यतो वापरू नका. पुण्यात आपण तो 'सांभाळून बोलणे' एवढ्याच अर्थाने सहज वापरतो. अमेरिकेत मात्र आज क्वचितच कोणी स्वतःला 'पोलिटिकली करेक्ट' म्हणवून घेतो. हे विशेषण बहुधा दुसऱ्याला, आणि तेही हिणवण्यासाठी लावले जाते. त्यामुळे तुम्ही तो उच्चारलात की ऐकणारा तुम्हाला परस्पर एका राजकीय गोटात नेऊन बसवतो.

असे का झाले, हे समजायला थोडा इतिहास लागतो. १७९३ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांनी एका निकालात लिहिले की, मेजवानीत 'युनायटेड स्टेट्स'च्या नावाने प्याला उचलणे 'पोलिटिकली करेक्ट' नव्हे, 'युनायटेड स्टेट्सच्या जनतेच्या' नावाने उचलायला हवा. तिथे अर्थ सरळ होता: राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने अचूक. विसाव्या शतकात हा प्रयोग डाव्यांच्या घरात गेला. पक्षाची भूमिका रातोरात फिरली तरी तीच 'करेक्ट' मानणाऱ्या कम्युनिस्टांना समाजवादी मंडळी या शब्दाने चिमटे काढत. १९७० साली टोनी केड बाम्बारा या कृष्णवर्णीय लेखिकेने, पुरुषी वर्चस्व गाजवणारा माणूस 'पोलिटिकली करेक्ट' असू शकत नाही, असे आपल्याच चळवळीतल्या पुरुषांना बजावले, तेव्हा तो पुन्हा गंभीर झाला होता. त्यानंतरही डावे लोक आपल्यातल्या अतिसोवळ्यांची थट्टा करायला तो वापरत राहिले.

खरी कलाटणी १९९० च्या सुमारास मिळाली. विद्यापीठांत काय शिकवावे, कोणते शब्द वापरावेत, यावरून वाद पेटले आणि डाव्यांचा हा घरगुती टोमणा उजव्यांनी उचलून त्यांच्यावरच उलटवला. त्यात मुंबईत वाढलेले, मूळच्या गोवेकर कुटुंबातले उजव्या विचारांचे लेखक दिनेश डिसूझा यांच्या १९९१ च्या पुस्तकाचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी ४ मे रोजी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी, 'पोलिटिकल करेक्टनेस'च्या कल्पनेने देशभर वाद पेटवला आहे, असे जाहीरपणे सांगितले. हे विद्यापीठ ज्या अॅन आर्बर गावात आहे, ते तुमच्या नव्या कार्यालयापासून फार तर तासाभराच्या अंतरावर असेल. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलंडला झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या वादसभेत, स्त्रियांबद्दलच्या आपल्या शेऱ्यांविषयी विचारले गेले तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी, 'पोलिटिकली करेक्ट' असणे हीच या देशाची मोठी अडचण आहे, असे उत्तर देऊन टाळ्या घेतल्या. आता त्या शब्दाचे बरेचसे काम 'वोक' हा शब्द करतो; तोही मुळात कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'अन्यायाबाबत सावध' अशा चांगल्या अर्थाचा होता, आणि त्याचीही गत तशीच झाली.

आता पाळायचे काय, याकडे वळतो. वादसभांतला हा शब्द एकीकडे आणि कायदा दुसरीकडे, ही गल्लत इथे अनेक वर्षे राहिलेले आपले लोकही करतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी आहे. १९६७ च्या कायद्याने चाळिशी ओलांडलेल्यांना, तर १९९० च्या कायद्याने अपंगांना संरक्षण दिले. मिशिगनचा १९७६ चा राज्य कायदा आणखी पुढे जाऊन वैवाहिक स्थितीच नव्हे, तर उंची आणि वजनही त्यात धरतो. म्हणजे 'काय हो, वजन वाढलेले दिसतेय' हा आपल्याकडचा आपुलकीचा उद्गार साहेबाने हाताखालच्या माणसाला उद्देशून काढला, तर तो उद्या तक्रारीच्या कागदावर येऊ शकतो. आमच्याकडे एका मुलाखतीत आपल्याच एका गृहस्थांनी उमेदवार बाईंना मोकळे वाटावे म्हणून 'मुले किती?' असे विचारले. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिथल्या तिथे विषय बदलला आणि नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितले की, त्या बाईंना नोकरी नाकारली गेली, तर हाच प्रश्न आपल्या विरोधात पुरावा म्हणून उभा राहील.

शब्दांच्या बाबतीत मात्र तारतम्य लागते, सरसकट यादी पाठ करून भागत नाही. इंजिनात ठिणगीची वेळ मागे घेण्याला इथले अभियंते 'रिटार्ड' म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तोच शब्द माणसाबद्दल, 'मतिमंद' अशा हिणवणाऱ्या अर्थाने, काढलात तर बैठकीत सन्नाटा पसरेल. त्या शब्दावरून बनलेली बौद्धिक अपंगत्वासाठीची जुनी संज्ञा २०१० साली केंद्रीय आरोग्य आणि शिक्षणविषयक कायद्यांतून काढण्यात आली. क्लचचा 'स्लेव्ह सिलिंडर' गॅरेजमध्ये अजून त्याच नावाने मागतात, सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र 'मास्टर-स्लेव्ह' ही जोडी बरीचशी सोडली आहे. तुमच्या गटात जे चालते ते चालू द्यावे. जेवणाच्या टेबलावर कोणी 'हे पोलिटिकली करेक्ट नाही, पण...' अशी सुरुवात केली, तर पुढे बहुधा कुठल्यातरी समाजावर शेरा येणार, हे ओळखावे आणि नवखेपणाच्या भिडेने हसून साथ देऊ नये.

आपल्या मंडळींच्या बैठकीतले बोलणे हा याहून अवघड भाग आहे. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल मराठीतून किंवा हिंदीतून बिनदिक्कत वापरले जाणारे शब्द मुलांना कळतात, आणि ती ते शाळेत बोलून दाखवतात. 'तुम्ही कुठले देशपांडे?' असे चाचपणे कार्यालयात तर नकोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेले तशा आशयाचे विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले असले, तरी मोठ्या कंपन्या या प्रश्नाबाबत आता जाग्या आहेत.

जानेवारी २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या खात्यांतले वैविध्यविषयक कार्यक्रम गुंडाळले आणि अनेक खासगी कंपन्यांनीही आपले कार्यक्रम आखडते घेतले. वर सांगितलेले कायदे मात्र जागेवर आहेत. म्हणून पुण्यात दाखवलेल्या जुन्या प्रशिक्षणावर विसंबू नका. रुजू होताच चालू वर्षाची कर्मचारी पुस्तिका मागून घ्या आणि त्यातले छळ व भेदभावाच्या तक्रारींचे प्रकरण आधी वाचा. तुमच्या उच्चारांची कोणी सतत टर उडवू लागला, तर त्याच प्रकरणाचा आधार तुम्हालाही घेता येईल.