पाऊण एकरात 400 मुलांचं हॉस्टेल, खोली किती मोठी ठेवावी?

तुम्ही विचारलंय की शहरातल्या कॅम्पसवर पाऊण एकरात 400 मुलांचं हॉस्टेल बसवायचंय, तर खोली किती ठेवावी. आकडा लगेच सांगतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे शिक्षणसंस्थेच्या हॉस्टेलात एकट्याच्या खोलीला कमीत कमी 7.5 चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण 80 स्क्वेअर फूट, पलंग, टेबल, कपाट त्यात नीट बसतं. पण मी आर्किटेक्ट म्हणून तेरा वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या मते हॉस्टेल बिघडतं ते खोलीच्या दाराबाहेर.

पुण्यातल्या एका कॉलेजचं सात मजली हॉस्टेल आमच्या ऑफिसने केलं होतं. मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या हा प्लॅन मीच काढलेला, कारण तसंच सगळ्यात जास्त खोल्या बसतात आणि संस्थेला खोल्यांचा आकडा हवा होता. दोन वर्षांनी जुलैत तिथे गेलो तर भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट चालू, कपडे वाळत घालायला आम्ही जागाच ठेवली नव्हती म्हणून पोरांनी समोरासमोरच्या दारांच्या कड्यांना नायलॉनची दोरी बांधून जीन्स टाकलेल्या, खाली पाणी टिपायला जुने पेपर, आणि सगळीकडे ओल्या टॉवेलचा कुबट वास. एक मुलगा भरलेली बादली घेऊन त्या जीन्सखालून वाकून गेला, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. चार महिने पावसाच्या शहरात मी त्यांना असं राहायला लावलं होतं. तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर बाथरूमला लागून वारा आरपार खेळेल अशी जाळीची वाळवणाची गॅलरी काढल्याशिवाय मी पुढचं ड्रॉइंग करत नाही.

आता कॉरिडॉरचं. अहमदाबादच्या आयआयएमची जुनी विटांची हॉस्टेलं एकदा वेळ काढून बघून याच. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांना 1962 मध्ये हे काम मिळालं, सोबत आपले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी होते (दोशी मूळ पुण्याचेच). तिथे लांबच लांब बोळ नाही, साधारण दहा-दहा खोल्यांचा गट जिन्याभोवती आणि चहाच्या खोलीभोवती मांडलाय, त्यामुळे वर-खाली करताना शेजारचा भेटतोच. आपल्याकडच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी आणि गॅलरीत जे आपोआप व्हायचं तेच. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या 18 पैकी 14 डॉर्म पाडायचा प्रस्ताव आला होता, जगभरातून ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेतला.

तुमच्याकडे जागा कमी म्हणजे उंच जावंच लागेल. तरी बघा, डबल शेअरिंगच्या 200 खोल्या आठ मजल्यांवर म्हणजे मजल्याला 25, त्याचे बारा-तेराचे दोन गट सहज होतात, प्रत्येकाला स्वतःचा जिना आणि जिन्यापाशी उजेडाची, बसायची, चहा करायची जागा. त्यासाठी मजल्यावरची एखादी खोली गेली तरी जाऊ द्या, त्यावर संस्थेशी भांडायची वेळ आली तर भांडा.

आणि खिडकी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीत अब्जाधीश गुंतवणूकदार चार्ली मंगर यांनी सुचवलेलं 11 मजली, 4500 मुलांचं हॉस्टेल होणार होतं, त्यातल्या 94 टक्के खोल्यांना खिडकीच नव्हती. 2021 मध्ये डेनिस मॅकफॅडन या सल्लागार आर्किटेक्टने त्यावरून राजीनामा दिला, आणि 2023 मध्ये युनिव्हर्सिटीने तो प्लॅन सोडला. आपल्याकडे इतकं कोणी करणार नाही, पण खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडणारी खोली मी भरपूर ठिकाणी बघितलीय आणि तिथे राहणाऱ्या पोराला बाहेर पाऊस आहे की ऊन हे मोबाइलवर बघावं लागतं.

पाणी माणशी रोज 135 लिटर धरा, सकाळी सात ते नऊ सगळा लोड एकदम येतो.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतोय. इमारत 15 मीटरच्या वर गेली की आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना लागतोच, पण मुलींच्या हॉस्टेलात सुरक्षेच्या नावाखाली त्याच जिन्याला कुलूप लागलेलं मी स्वतः पाहिलंय, किल्ली वॉर्डनच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही जिने रेक्टरच्या ऑफिससमोरच्या एकाच अंगणात उतरतील असे ठेवा, म्हणजे येणारं-जाणारं तिथूनच दिसेल आणि कुलूप लावायला कोणाकडे कारणच उरणार नाही.