युद्धकैद्यांची चित्रे अभ्यासताना

चि. यास,

अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत असताना, सिंगापूरच्या छावण्यांत आणि जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा-सयाम (आजचे म्यानमार-थायलंड) रेल्वेवर युद्धकैद्यांनी काढलेल्या चित्रांवर प्रबंध लिहिण्याचा तुझा मनोदय वाचून फार आनंद झाला. तुझ्या आराखड्यात मात्र प्रत्येक चित्रापुढे ‘यातना’, ‘धैर्य’ असे शब्द आहेत. ते खोटे नाहीत, पण फार लवकर आले आहेत. आधी चित्रात काय दिसते, ते लिही.

या रेल्वेवर राबलेले ब्रिटिश युद्धकैदी चित्रकार जॅक चॉकर यांची रेखाटने घे. सयाममधील चुंगकाईच्या छावणी-रुग्णालयात पायावरच्या चिघळलेल्या जखमांतील सडका भाग धार लावलेल्या चमच्याने खरवडून काढीत, आणि भुलीचे औषध बहुधा नसे. अशा चित्रासमोर बसल्यावर रुग्णाचा पाय कोणी धरला आहे, उजेड कोठून येतो, बांबूपासून काय काय बनवले आहे, हे नोंदव. चॉकर यांची रेखाटने डॉक्टरांच्याही उपयोगाची होती, त्यामुळे त्यांतील नेमकेपणा हाच त्यांचा खरा जिव्हाळा आहे, असे मला वाटते.

मग कागद पाहा. चित्रे काढण्यास बंदी होती. चॉकर पकडले गेले तेव्हा त्यांना मारहाण झाली. दुसरे ब्रिटिश कैदी चित्रकार रोनाल्ड सर्ल आपली चित्रे कॉलऱ्याने मरणपंथाला लागलेल्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली लपवीत, कारण संसर्गाच्या भीतीने पहारेकरी तेथे हात लावीत नसत. सर्ल यांची सुमारे ३०० चित्रे आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. म्हणून कागदाचा आकार, घड्या आणि डाग यांची नोंद चित्राच्या वर्णनाइतक्याच काळजीने कर. जागेवर काढलेले चित्र आणि युद्धानंतर त्यावरून पुन्हा रंगवलेले चित्र यांची सरमिसळ मात्र कदापि होऊ देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. १९४२-४३ मध्ये बांधलेल्या या सुमारे ४१५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर दोस्त राष्ट्रांचे ६० हजारांहून अधिक युद्धकैदी राबले आणि १२ हजारांहून अधिक दगावले; पण तमिळ, मलय, बर्मी आणि जावानीज मजूर त्यांहून कितीतरी अधिक संख्येने मेले. सिंगापूर पडल्यावर हजारो भारतीय सैनिकही कैद झाले आणि फेब्रुवारी १९४२ मध्येच तेथील फॅरर पार्क मैदानावर त्यांना ब्रिटिशांपासून वेगळे करण्यात आले. तू निवडलेल्या चित्रांत ही माणसे कोठे आहेत, निदान पार्श्वभूमीला तरी आहेत का, हे एकेक चित्र घेऊन तपास, आणि नसतील तर त्या अनुपस्थितीला प्रबंधात स्वतंत्र प्रकरण दे. सुधारलेला आराखडा त्या प्रकरणासह पाठव.

तुझा शुभचिंतक